दोन वाजताची सही

रकानेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण शहरातल्या झाडून सगळ्या वृद्धसेवा केंद्रांत तिला याच नावानं ओळखत, आणि तिलाही ते ठाऊक होतं. ठाऊक असून राग यायचा नाही. उलट आतून बरंच वाटायचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना जिथे ठेवतात अशी केंद्रं तपासायची आणि त्यांना अ, ब किंवा क अशी प्रत द्यायची, ही तिची नोकरी. अकरा वर्षं ती हेच करत होती. औषधाचा रकाना, अंघोळीचा रकाना, जेवणाचा रकाना, कूस बदलल्याचा रकाना. एखादा कोरा दिसला की तिची लाल पेन्सिल बाहेर पडायची आणि व्यवस्थापकाचा जीव टांगणीला लागायचा. कोरा रकाना म्हणजे न झालेलं काम, असं तिचं साधं गणित होतं. मग भरलेला रकाना म्हणजे झालेलं काम, हे त्याच गणितातून आपोआप आलं, आणि ते ताडून बघावं असं तिला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

तपासणीला जायच्या पंधरा दिवस आधी कचेरीतून पत्र जायचं. नियमच तसा होता. आता पाहुणे येणार हे पंधरा दिवस आधी कळल्यावर कुणाच्या घरात पसारा सापडेल? पण हा विचार तिच्या डोक्यात आला नाही, आणि आला असता तरी नियम तिनं केला नव्हता.

पाण्याच्या टाकीजवळचं तीन मजली केंद्र तिनं तपासलं तेव्हा थंडीचे दिवस होते. व्यवस्थापक तोंडात साखर ठेवून बोलणारा माणूस. त्यानं दुसऱ्या मजल्यावर सात आया ओळीनं उभ्या केल्या होत्या. सगळ्यांच्या अंगात इस्त्रीचे निळे कोट. ड्युटीच्या तक्त्यावर सात नावं, समोर सात बाया. तिनं एका खाटेजवळची बेल दाबली आणि घड्याळ बघितलं. चाळीस सेकंदांत आया हजर. कुठे वास नाही, कुठे धूळ नाही. अशा वेळी तिला कोड्याचं शेवटचं घर भरल्यासारखं समाधान व्हायचं.

डाग एकच लागला. कोपऱ्यातल्या खोलीतून एक आवाज येत होता, असला खणखणीत की तळमजल्यावर ऐकू जावा. "चल गं म्हातारे, आज पाठ कुणाला दाखवायची? खिडकीला की मला?" आणि पाठोपाठ एका म्हातारीचं खुसखुसणं. रकानेबाई दारात जाऊन उभी राहिली. एक धिप्पाड बाई, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, एका हाडकुळ्या म्हातारीला चादरीसकट आपल्याकडे ओढून कुशीवर करत होती. खाटेच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला होता. कूस बदलल्याच्या रकान्यांत पाच घरं कोरी.

"हे कोरं का?" तिनं विचारलं.

"राहून गेलं."

"राहून कसं जातं?"

"दोन्ही हात माणसात असतात बाई. माणूस फिरवू का कागद भरू?"

सगळ्या आयांसमोर असं उत्तर! व्यवस्थापकानं कपाळाला हात लावला. तिनं मात्र शांतपणे वही उघडली आणि लिहिलं: सदर कर्मचारी नोंदी ठेवण्यात हलगर्जीपणा करते, रुग्णांशी एकेरीत बोलते, आवाज अवाजवी आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी. मग पान उलटून केंद्राला अ प्रत दिली, खाली आपली सही केली, चहा घेतला आणि निघाली. संध्याकाळपर्यंत ती त्या बाईला विसरूनही गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिची आई न्हाणीघरात पडली.

आईनं चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. अंगानं चिमणीएवढी, पण कणखर. दुसऱ्याच्या शिलाईचा कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करायची, आतली शिवण बघायची, आणि मग पुढचं बोलायची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की चार-पाच महिने तरी आईला आपली आपण कूस बदलता येणार नाही, दर दोन तासांनी कुणीतरी वळवायला हवं, नाहीतर अंगाला जखमा होतील. आई राहायची दादाकडे. दादाच्या स्वयंपाकघरात बसून तिघांचं बोलणं झालं.

"घरीच ठेवू या ना," वहिनी म्हणाली. "मी शिकून घेईन वळवायचं. मी काय, दिवसभर घरीच असते."

"वहिनी, हे काय टाके घालायला शिकण्याइतकं सोपं आहे?" ती म्हणाली. "तिथे शिकलेली माणसं आहेत. सात-सात आया आहेत मजल्यावर. मी स्वतः तपासलंय."

वहिनीला तोंड होतं, पण नणंदेच्या हुद्द्यापुढे ती ते फारसं उघडायची नाही.

"तू तपासलंयस म्हटल्यावर मिटलंच," दादा म्हणाला, आणि खरोखरच मिटलं.

आपल्या घरचं माणूस एखाद्या केंद्रात ठेवलं तर कचेरीला कळवायचं असतं. तेही तिनं आज कळवू, उद्या कळवू करत ठेवून दिलं. दुसऱ्यांचे रकाने लाल पेन्सिलीनं रंगवणाऱ्या बाईचा हा एक रकाना असा कोरा राहिला.

दर रविवारी चारला ती आईला भेटायला जायची, आणि दर शनिवारी केंद्रात फोन करून तसं सांगायची. सवय अंगात भिनलेली. न कळवता कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं तिला चोरासारखं वाटायचं. रविवारी आई खुर्चीत बसलेली असायची. वेणी घातलेली, पावडर लावलेली, मांडीवर धुतलेली शाल. "छान आहे गं सगळं," आई म्हणायची. ती तक्त्यावर नजर टाकायची. एकही घर कोरं नाही. मग दोघी इकडचं-तिकडचं बोलायच्या. एका रविवारी आईनं खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन अंग जरा उचललं आणि डोळे मिटले.

"काय गं?"

"काही नाही. खुर्ची टोचते जराशी."

तिनं ताबडतोब आयेला बोलावून गादी द्यायला सांगितलं. पुढच्या रविवारी खुर्चीवर गादी होती, आणि तक्त्यावर गादीचा एक नवा रकाना होता, तोही भरलेला. तिला किती बरं वाटलं!

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, तिची दुसऱ्याच एका केंद्रात तपासणी होती. तिथे लिफ्ट बंद पडली होती. तिथल्या व्यवस्थापकानं हात जोडून पुढची तारीख मागितली आणि तिनं दिली. दुपारचा वेळ हाताशी आला. आईचं केंद्र तिथून वीस मिनिटांवर. येतेय म्हणून सांगायला तिनं चालता चालता फोन बाहेर काढला, तर समोर दारच आलं होतं.

आत शिरल्यावर डाव्या हाताला भिंतीवर चौकटीत अ प्रतीचं प्रमाणपत्र होतं, खाली तिची सही. ती दर वेळी त्याच्याकडे बघायची, आजही बघितलं. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आली आणि थबकली. तीन खोल्यांच्या दारांवर लाल दिवे लागलेले होते. बेल दाबली की हे दिवे लागतात हे तिला माहीत होतं, पण ते असे लागून राहिलेले तिनं कधी पाहिले नव्हते. लांबलचक व्हरांड्यात एकही निळा कोट दिसेना.

आई उताणी झोपलेली होती. डोळे उघडे, दाराकडे लागलेले. केस कपाळाला चिकटलेले. लेक दिसल्यावर आईच्या तोंडावर जे आलं, तो आनंद नव्हता. ती धास्ती होती.

"आज रविवार आहे का गं?" आई म्हणाली.

"बुधवार आहे. सहज आले."

"सांगून तरी यायचं."

खोलीत एक वास होता. पावडरीखाली इतके रविवार दबून राहिलेला, ओला, गोडसर, वाईट वास. तिनं बेलची दोरी शोधली. ती खाटेच्या डोक्याकडच्या दांडीला चार वेढे देऊन बांधलेली होती. आईचा हात तिथवर जाणं शक्यच नव्हतं. मग तिनं पायथ्याचा तक्ता बघितला. आठ वाजता डावी कूस, सही. दहा वाजता उजवी, सही. बारा वाजता डावी, सही. दोन वाजता उजवी, सही. चार, सहा, सगळं एका शाईत, एका दमात केलेलं.

तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. पावणेदोन. आणि सांगायला लाज वाटते, पण तिला पहिल्यांदा शंका आली ती घड्याळाची. तिनं ते कानाला लावून बघितलं.

दोरी सोडून तिनं बेल दाबली आणि उभ्या उभ्या वेळ मोजायला लागली. दुसरं काही तिला येतच नव्हतं.

"उगाच कशाला बोलावतेस?" आई म्हणाली. "ती बिचारी एकटी असते. आत्ता भरवायची वेळ आहे."

"एकटी? मजल्यावर?"

चौदाव्या मिनिटाला एक आया आली, अंगावरचा कोट पुढून ओला, हातात चमचा तसाच. खाटेशी कोण उभं आहे हे बघून तिची पाचावर धारण बसली.

"बाई, आज तपासणी आहे? आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"तपासणी नाही. माझी आई आहे ही." तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "ही दोनची सही कुणाची?"

आयेनं मान खाली घातली. "माझीच. सकाळी आल्या आल्या करून ठेवायची असते. अख्ख्या दिवसाची. रकाना कोरा राहिला की काम जातं ना. एकवीस माणसं आहेत मला. फिरवू कधी आणि लिहू कधी?"

"सात जणी होत्या इथे. मी मोजल्या होत्या."

"त्या दिवशी सुटीवरच्या बोलावल्या होत्या. चार जणी तर खालच्या मजल्यावरच्या."

"आईला वळवा," ती म्हणाली.

आयेनं चमचा टेबलावर ठेवला, आईच्या खांद्याला आणि कमरेला हात घातला आणि जोर केला. आईनं खालचा ओठ दातांत धरला. एकटीच्या जोरानं आई पुरती वळेना, अर्ध्यावरच थांबली. पण तेवढ्यावर दिसायचं ते दिसलं. माकडहाडावर कोटाच्या बटणाएवढी जखम होती, कडेनं काळी, मधे खोल. तिनं अशा जखमांची चित्रं प्रशिक्षणात पाहिली होती. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. ही तिसरी होती. तिला हे पाठ होतं, आणि त्याचा आत्ता काडीचा उपयोग नव्हता.

"एकटीला नीट जमत नाही, बाई," आया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "भोंगा होती तेव्हा आम्ही दोघी मिळून फिरवायचो. ती मोठ्यानं काहीतरी बोलायची आणि फिरवायची, माणसाला कळायचंसुद्धा नाही. तिच्या पेशंटांना एक जखम नव्हती."

"भोंगा कोण?"

आयेनं तिच्याकडे बघितलं. खरंच विचारतेय की परीक्षा घेतेय, ते तिला कळेना.

"तुम्हीच लिहिलं होतंत ना तिच्यावर," आया शेवटी म्हणाली. "तेव्हापासून खाली धुलाईला टाकलीय तिला. मी मलमपट्टीचं सामान घेऊन येते."

आया गेली. रकानेबाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात. तिला तेवढंही मागायचं धैर्य होईना.

"कधीपासून आहे हे?"

"झाले असतील तीन आठवडे."

"मला का नाही सांगितलंस? मी दर रविवारी इथे येऊन बसत होते, आई."

आईनं भिंतीकडे बघत उत्तर दिलं. "आले त्या दिवशी मोठ्या सिस्टरनी मला खुर्चीतून नेऊन ती चौकट दाखवली. तुझी सही. मी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या लेकीनं तपासलंय, माझी लेक फार कडक आहे. या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगितलं, तिच्या मुलाला सांगितलं. त्यानं तर माझं ऐकून तिला इथेच ठेवायचं ठरवलं. आता मी ओरडले असते तर काय म्हणाले असते सगळे? लेकीला काही कळत नाही म्हणून? तुझी नोकरी आहे ती. माझं काय, दुखतं आणि थांबतं."

दुखतं ते थांबत नव्हतं, हे आईच्या ओठांवरच्या दातांच्या खुणा सांगत होत्या. लेकीची सही खोटी पडू नये म्हणून ही बाई तीन आठवडे त्या सहीची किंमत आपल्या पाठीनं मोजत पडली होती. रकानेबाईला रडू आलं नाही. रडावं इतकं आपण चांगले नाही, असं तिला वाटलं.

ती उठली आणि जिना उतरून तळघरातल्या धुलाईच्या खोलीत गेली.

खोलीत वाफ दाटलेली होती. दोन मोठी यंत्रं घरघरत होती आणि त्यांच्यावरून एक आवाज चादरींशीच बोलत होता. "ये बाई ये, तुला एक नीट घडी घालते." कुणी दारात उभं आहे हे कळल्यावर आवाज थांबला. भोंग्यानं तिला ओळखलं. तिनं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

"काय राहिलं बाई? इथले रकाने त्या भिंतीवर आहेत."

"माझी आई वर आहे. बावीस नंबरच्या खोलीत." सबंध जिनाभर तिनं एक माफीचं वाक्य जुळवत आणलं होतं; ते ऐन वेळी कुठे गेलं कुणास ठाऊक. "तिला जखम झालीय. माकडहाडावर. मी तुमच्याबद्दल जे लिहिलं..."

"आत्ता कशी निजल्यात?" भोंग्यानं मधेच विचारलं.

"अं?"

"आई. उताण्या की कुशीवर?"

"उताणी. मघाशी अर्धवट वळवली, मग परत तशीच."

भोंग्यानं हातातली चादर टाकली, बाह्या वर केल्या आणि तिला बाजूला सारून जिन्याकडे गेली. रकानेबाईला तिच्या मागे जवळजवळ पळावं लागलं.

"काय गं म्हातारे," भोंगा दारातूनच गरजली, "इतकी हलकी बाई आणि कुणाला हलवता येईना? पाठ खिडकीला दाखवतेस का मला?"

आई बघतच राहिली. मग तिच्या गालावर काहीतरी हललं. "खिडकीलाच दाखव," आई म्हणाली. "तिला नाक नाही."

आयेनं सामान आणून ठेवलं होतं, पण तिला दुसऱ्या बेलनं पळवलं. भोंग्यानं रकानेबाईकडे बघितलं. "त्या बाजूला या. पकडा."

"कुठे पकडू?"

भोंग्याला खरोखर आश्चर्य वाटलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "अकरा वर्षं बघताय ना तुम्ही?"

बघत होती. हात कधी लावला नव्हता. शेकडो केंद्रं, हजारो माणसं, आणि एकाही माणसाच्या पाठीखाली तिचा हात गेला नव्हता. भोंग्यानं तिचे दोन्ही तळवे धरून आईच्या खांद्यामागे आणि कमरेमागे ठेवले. "बोटांनी नाही, पंज्यानं. ओढायचं नाही, आपल्याकडे येऊ द्यायचं. गुडघा टेका खाटेला. आणि बोला त्यांच्याशी. बोललं की माणूस अंग सैल सोडतं."

"काय बोलू?"

"आई कुणाची आहे?"

"आई," ती म्हणाली, आणि पुढे काही सुचेना. "आई, मी वळवतेय तुला."

आईचं अंग तिच्या छातीशी आलं. लहानपणी तापात आई तिला अशीच जवळ घ्यायची, आणि तेव्हा आईला कुणी शिकवलं नव्हतं. भोंग्यानं जखम धुतली, पट्टी बांधली, पाठीमागे उशी लावली, दोन गुडघ्यांमधे दुसरी, टाचा अधांतरी राहतील अशी तिसरी. सगळं मिळून दहा मिनिटं. आईनं लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले.

रकानेबाईनं घड्याळ बघितलं. दोन वाजून पंचवीस मिनिटं. सवयीनं हात पेनाकडे गेला आणि ती तक्त्याजवळ गेली. दोन वाजता उजवी कूस, सही. लिहायला जागाच नव्हती. तिनं त्या सहीवर रेघ मारली. मग चारच्या सहीवर, सहाच्या सहीवर. खाली समासात बारीक अक्षरांत लिहिलं: दोन पंचवीस, डावी कूस. आणि भोंग्याकडे वळली.

"तुमचं नाव सांगा. फिरवलंत तुम्ही. आणि माझ्या रिपोर्टात मी दुरुस्ती करणार आहे. तुमच्याबद्दल जे..."

"नको," भोंगा पटकन म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता. "माझं नाव कुठे लिहू नका बाई. वाईट नको आणि चांगलंही नको. एकदा लिहिलंत तेवढं पुरे झालं." ती ओले हात कोटाला पुसत दाराकडे गेली. तिथून म्हणाली, "सव्वाचारला परत फिरवा. चादरी वाळत घालून झाल्या तर येते मी. नाही आले तर तुमची तुम्ही."

ती गेल्यावर समासातल्या त्या ओळीपुढे रकानेबाईनं आपलीच सही केली. खाली दाराशी प्रमाणपत्राच्या चौकटीत होती तीच सही.

बातमी एव्हाना खाली पोचली होती. व्यवस्थापक आला तो दोन कप चहा घेऊनच. त्यानं रेघा मारलेला तक्ता बघितला, तिच्याकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मॅडम, माणसं मिळत नाहीत हो हल्ली. तुम्ही जाणता. उद्यापासून आईंकडे एक खास आया ठेवतो. बाकी आपल्यातच राहू द्या. कसंय, प्रमाणपत्रावर सही तुमची आहे. मागे घेतलीत तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. आई इथे आहेत हे कचेरीला कळवलंयत ना तुम्ही?"

नव्हतं कळवलं, आणि त्याला ते माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर एक क्षण, चहाचा कप हातात असेपर्यंतचा एक क्षण, तिनं त्या खास आयेचा विचार केला. आईपुरती एक आया. बाकीची वीस माणसं तशीच उताणी. हा विचार आपल्याला शिवला याची लाज तिला नंतर जन्मभर पुरणार होती. तिनं कप खाली ठेवला.

"विचारतीलच," ती म्हणाली. "विचारायलाच हवं. पत्र मी आजच पाठवतेय. माझी आई इथे आहे हे पहिल्या ओळीत लिहून. आणि या मजल्यावर तीन दिवे लागलेत, आधी तिकडे माणूस पाठवा."

तो गेला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी जागी होऊन टुकुटुकू बघत होती, तिची नजर रकानेबाईला चुकवता येईना. ती व्हरांड्यात आली आणि तिनं दादाला फोन लावला.

"बोल गं. आई बरी आहे ना?"

"दादा, आईला इथे आणताना मी तुला म्हटलं होतं, मी स्वतः तपासलंय."

"हो. मग?"

"नव्हतं तपासलं."

दादाला काही समजेना. तिनं सगळं सांगितलं. बेलची दोरी, सह्या, कोटाच्या बटणाएवढी जखम. कचेरीला न कळवलेलंही सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही, कारण मऊ केला असता तर तिथेच थांबावं लागलं असतं. दादानं दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं नुसता फोन वहिनीच्या हातात दिला.

"वन्सं," वहिनी म्हणाली. तिनं ऐकलं होतं. तिनंही काही सुनावलं नाही. सुनावण्यासारखं एक वाक्य स्वयंपाकघरात सहा आठवडे पडून होतं, ते तिनं उचललं नाही. "त्यांची खोली रिकामीच आहे. शनिवारपर्यंत खाट आणतो आम्ही. पण वळवायचं कसं, ते मला कुणी दाखवेल का?"

"मी दाखवीन," ती म्हणाली. मग खोटं पुन्हा तोंडातून जाऊ नये म्हणून तिनं घाईघाईनं पुढचं सांगितलं. "मला नीट येत नाही, वहिनी. आत्ता एकदाच केलंय. पुन्हा सव्वाचारला करीन."